पीएफचे पैसे दवाखान्याला पुरतील का?

पीएफमधून पैसे काढणं सोपं होतंय, ही बातमी चांगलीच. पण आजारपणासाठी त्याच पैशांवर भिस्त ठेवून बसला असाल, तर आधी हे गणित बघा.

१३ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी तुमच्याही ऑफिसच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल. ‘आता पीएफचे १०० टक्के पैसे काढता येणार!’ कुणी त्यावर नाचणारं स्टिकर टाकलं असेल, कुणी ‘चला, बाइक बुक करा’ म्हटलं असेल. आणि एखाद्यानं गंभीरपणे लिहिलं असेल, ‘बरं झालं राव, घरात कुणी आजारी पडलं तर टेन्शन नाही.’

बाइकवाल्याचं सोडा. हा दुसरा जो आहे ना, त्याचं बोलणं जरा थांबून ऐकायला हवं. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात हेच असतं. मेडिक्लेम नाही, बचत फारशी नाही, पण पीएफ आहे ना! वेळ आलीच तर काढू. आता सरकार म्हणतंय की काढणं आणखी सोपं होणार. मग प्रश्न मिटला की!

मिटला का खरंच? बघूया.

नेमकं काय ठरलं?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना म्हणजे ईपीएफओ. तिचं केंद्रीय विश्वस्त मंडळ असतं आणि केंद्रीय कामगारमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. मनसुख मांडविया यांच्या अध्यक्षतेखाली मंडळाची २३८ वी बैठक दिल्लीत झाली आणि त्यात पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरलं.

आतापर्यंत मध्येच पैसे काढण्यासाठी १३ वेगवेगळ्या तरतुदी होत्या. लग्नाला वेगळी अट, घराला वेगळी, शिक्षणाला वेगळी. कुठे ५ वर्षं नोकरी हवी, कुठे ७. या १३ तरतुदी एकत्र करून तीनच गट केले. पहिला गट अत्यावश्यक गरजांचा, त्यात आजारपण, शिक्षण आणि लग्न. दुसरा घराचा. तिसरा विशेष परिस्थितीचा, आणि या तिसऱ्या गटात तर कारणही सांगावं लागणार नाही. सगळ्यांसाठी नोकरीची किमान अट एकच, १२ महिने. आणि आपल्या हिश्श्यासोबत कंपनीनं भरलेल्या हिश्श्यातूनही पैसे काढता येतील.

मग ‘१०० टक्के’ म्हणजे सगळे का? नाही. मेसेजमध्ये गाळलेली ओळ इथे आहे. खात्यात जमा झालेल्या वर्गणीच्या २५ टक्के रक्कम कायम शिल्लक ठेवावी लागणार. म्हणजे १०० टक्के कशाचे, तर काढण्यायोग्य रकमेचे. सोप्या मराठीत, साधारण तीन चतुर्थांश.

आणखी एक गोष्ट. हा मंडळाचा निर्णय आहे. तो नियमात उतरून पोर्टलवर दिसेपर्यंत जुन्या नियमानंच अर्ज करावा लागतो. त्यामुळे पैसे हवे असतील तेव्हा मेसेजवर नाही, ईपीएफओच्या पोर्टलवर काय दिसतंय त्यावर विश्वास ठेवा.

आजारपणाचा नियम आधीही होताच

गंमत अशी की आजारपणासाठी पीएफ काढायची सोय नवी नाहीच. १९५२ च्या योजनेतला परिच्छेद ६८-जे त्यासाठीच आहे. महिनाभर किंवा जास्त दवाखान्यात राहावं लागलं, मोठं ऑपरेशन झालं, किंवा कर्करोग, हृदयविकार, क्षयरोग, पक्षाघात, कुष्ठरोग, मानसिक आजार असं काही असलं तर पैसे मिळतात. स्वतःसाठीही आणि कुटुंबातल्या माणसासाठीही. यासाठी अमुक वर्षं नोकरी झालीच पाहिजे अशी अट नव्हती. लग्नाला किंवा घराला होती, आजारपणाला नव्हती. २०१७ पासून तर डॉक्टरचं सर्टिफिकेटही जोडावं लागत नाही, स्वतःचं घोषणापत्र पुरतं.

मर्यादा मात्र होती. सहा महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा तुमच्या हिश्श्याचे व्याजासकट पैसे, यातलं जे कमी असेल तेवढंच.

वेगही वाढत गेलाय. कुणा अधिकाऱ्याच्या टेबलावर न जाता संगणकानंच मंजूर करायच्या दाव्यांची मर्यादा आजारपणासाठी २०२४ मध्ये ५० हजारांवरून १ लाख झाली आणि जून २०२५ मध्ये ५ लाख. असा दावा तीन दिवसांत निकाली निघावा, हे उद्दिष्ट आहे. एप्रिल २०२५ पासून चेकचा फोटो अपलोड करायची कटकटही गेली.

म्हणजे दार आधीच उघडं होतं. आता ते मोठं होतंय. पण आतमध्ये आहे किती, हे कुणी विचारत नाही.

आता गणित

समजा तुमचा पगार सगळं मिळून २५ हजार. त्यात बेसिक १५ हजार. सॅलरी स्लिप काढून बघा, पीएफसमोर १,८०० रुपये कापलेले दिसतील. बेसिकच्या १२ टक्के. कंपनीही १२ टक्केच भरते, पण ते सगळे तुमच्या पीएफ खात्यात येत नाहीत. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात. उरलेले साधारण ५५० रुपये पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला तुमच्या खात्यात पडतात २,३५० रुपये.

तीन वर्षं नोकरी झाली. सध्याचं ८.२५ टक्के व्याज धरलं तर खात्यात साधारण ९५ हजार जमतात. त्यात तुमचा हिस्सा ७३ हजारांच्या आसपास.

जुन्या नियमानं आजारपणासाठी किती मिळतात? सहा महिन्यांचं बेसिक होतं ९० हजार. तुमचा हिस्सा ७३ हजार. कमी ते धरायचं, म्हणजे ७३ हजार.

नव्या निर्णयानं किती मिळतील? जमा वर्गणीच्या २५ टक्के, म्हणजे सुमारे २१ हजार मागे ठेवायचे. हातात येतील ७४ हजारांच्या आसपास.

पुन्हा वाचा. ७३ आणि ७४. ज्या बातमीवर आपण नाचलो, तिनं तीन वर्षं नोकरी झालेल्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात आजारपणासाठी हजारभर रुपये जास्त येतात. आणि ज्याच्या नोकरीला अजून वर्ष व्हायचंय, त्याच्यासाठी तर १२ महिन्यांची ही सरसकट अट जुन्या नियमापेक्षा कडकच आहे.

मग फायदा कुणाचा? ज्याची नोकरी जुनी त्याचा. याच पगारावर दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या खात्यात सव्वाचार लाखांच्या वर रक्कम असेल. जुन्या नियमात सहा महिन्यांच्या बेसिकची मर्यादा असल्यानं त्याला ९० हजारच मिळाले असते. आता तीन लाखांहून जास्त काढता येतील. चाळिशीतल्या, आईवडिलांचं आजारपण आणि मुलांचं शिक्षण एकदम अंगावर आलेल्या माणसासाठी हा मोठाच दिलासा आहे. पंचविशीतल्यांसाठी बातमी खरी आहे, पण तिच्यात आपल्यासाठी फार काही नाही.

बिल किती, शिल्लक किती?

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत देशभरात विचारलं गेलं होतं, एकदा दवाखान्यात भरती झाल्यावर किती खर्च आला? बाळंतपण सोडून सरासरी निघाली २०,१३५ रुपये. सरकारी दवाखान्यात ४,४५२, खासगीत ३१,८४५. ही सरासरी आहे बरं का. यात दोन दिवसांचा तापही आहे आणि बायपासही. आणि हे आकडे जुने आहेत. आज मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्याच्या आयसीयूत चार दिवस काढलेल्या कुणालाही विचारा, हे आकडे ऐकून तो हसेल.

आणि शिल्लक? याच निर्णयाचं समर्थन करताना कामगार मंत्रालयानं एक माहिती दिली. शेवटचा हिशेब करून पैसे घेऊन जाताना जवळपास निम्म्या सदस्यांच्या पीएफमध्ये २० हजारांपेक्षा कमी रक्कम असते. सुमारे ७५ टक्के सदस्यांच्या खात्यात ५० हजारांपेक्षा कमी.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. निम्म्या लोकांची आयुष्यभराची म्हणून साठवलेली रक्कम ही सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका सरासरी भरतीच्या बिलाएवढीही नाही. म्हातारपण राहू द्या, एक आजारपणसुद्धा त्यात भागत नाही.

असं का होतं? पगार कमी, बेसिक त्याहून कमी, हे एक कारण. दुसरं आपल्याच सवयीचं. नोकरी बदलली की जुना पीएफ ट्रान्सफर करायचा कंटाळा, म्हणून काढून टाकायचा. पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यात सलग पाच वर्षं व्हायच्या आत असे सगळे पैसे काढले तर त्यावर करही लागू शकतो. तीन नोकऱ्या बदललेल्याच्या खात्यात मग राहणार काय?

मग काढूच नये का?

असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या घरात कधी कुणी आजारी पडलेलं नाही असं समजा.

आई आयसीयूत असताना ‘चक्रवाढ व्याजाचं काय होईल’ हा विचार कुणी करत नाही, करूही नये. तेव्हा समोर पर्याय काय असतात? क्रेडिट कार्ड, ज्याचं थकीत रकमेवरचं व्याज वर्षाला ३६ ते ४० टक्क्यांच्या घरात जातं. पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप, जे वसुलीला तुमच्या फोनमधल्या नंबरांवर फोन करतं. गावाकडचा सावकार. नाहीतर जमिनीचा तुकडा. यांच्यापुढे पीएफ कधीही बरा. तो आपलाच पैसा आहे, त्यावर व्याज भरायचं नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही.

शिवाय काही खर्च असे असतात जे कुठलाच विमा देत नाही. बाबांना सोलापूरहून पुण्याला आणलं, सोबत दोन माणसं. त्यांचं राहणं, जेवण, रिक्षा. घरी आल्यावरची औषधं, फिजिओथेरपी, भाड्यानं आणलेला बेड. बाबांचं बंद पडलेलं काम. या खर्चांसाठी पीएफसारखी हाताशी असलेली रक्कम फार उपयोगाची ठरते.

पण किंमत काय मोजतोय, ते माहिती हवं. पंचविसाव्या वर्षी काढलेले १ लाख रुपये, ते तसेच ठेवले असते आणि व्याज ८.२५ टक्केच राहिलं असतं, तर ५८ व्या वर्षी सुमारे १३ लाख ७० हजार झाले असते. हा आकडा दाखवून घाबरवणारे रील तुम्ही पाहिले असतील. ते अर्धंच सांगतात. ३३ वर्षांत महागाईही वाढणार. ती ६ टक्के धरली तर त्या रकमेची किंमत आजच्या भावात साधारण २ लाख. म्हणजे आज १ लाख काढताना तुम्ही म्हातारपणीचे २ लाख उचलताय. जीव वाचत असेल तर हा सौदा वाईट नाही. पण नवा फोन घेण्यासाठी ‘विशेष परिस्थिती’वर टिक करत असाल, तर आहे.

आणि एक लक्षात ठेवा. पीएफमधून काढलेली ही रक्कम परत भरायची नसते. कुणी हप्ता मागायला येत नाही, म्हणूनच ती कधीच परत भरली जात नाही. यावर एक उपाय आहे, व्हीपीएफ. म्हणजे १२ टक्क्यांच्या वर आपल्या मर्जीनं जास्त कापून घ्यायचं. व्याज तेच. बँकेतून १ लाखाचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं असतं तर महिन्याला ३,४०० रुपयांचा हप्ता भरलाच असता आणि त्यात २३ हजार व्याजाचे गेले असते. तोच हप्ता, जमत नसेल तर त्याच्या निम्मा, एचआरला सांगून व्हीपीएफमध्ये टाका. बँकेला देणार होता ते स्वतःला द्या. काही कंपन्या हा बदल फक्त आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच करू देतात, तेव्हा आधी विचारून ठेवा.

हे ओझं आपल्याच खांद्यावर का?

इथे जरा मोठा प्रश्न येतो. म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशांतून आजारपण भागवायची वेळ येतेच का?

कारण आपल्याकडे दवाखान्याचा खर्च अजूनही लोकांच्याच खिशातून जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण १०० पैकी जवळपास ४० रुपये अजूनही आपलेच.

कोविडमध्ये याचा अनुभव आला. मार्च २०२० मध्ये सरकारनं पीएफमधून खास कोविड ॲडव्हान्स काढायला परवानगी दिली. तीन महिन्यांचं बेसिक आणि महागाई भत्ता किंवा शिल्लकेच्या ७५ टक्के, यातलं कमी ते. २०२१ मध्ये दुसऱ्यांदाही दिली. जून २०२४ मध्ये ही सोय बंद झाली. त्या काळात अनेक घरं त्यावर तरली. पण ती मदत सरकारची नव्हती, आपलीच होती. आपल्या उद्यातून आपण आज उचलला.

मलेशियात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या कर्मचारी निधीतून कोविडच्या काळात लोकांनी सुमारे १४५ अब्ज रिंगिट काढले आणि लाखो लोकांची निवृत्तीची खाती जवळपास रिकामी झाली. त्यानंतर मे २०२४ मध्ये त्यांनी खात्याचे तीन भाग केले. ७५ टक्के फक्त निवृत्तीसाठी, १५ टक्के घर, शिक्षण, आरोग्य अशा गरजांसाठी आणि १० टक्के कधीही काढण्यासाठी. सिंगापूरनं तर १९८४ मध्येच सक्तीच्या बचतीतला एक हिस्सा मेडिसेव्ह नावानं फक्त औषधोपचारासाठी वेगळा काढला. दोन्हीकडे विचार एकच, आजारपणाचं गाठोडं वेगळं आणि म्हातारपणाचं वेगळं.

आपल्याकडच्या नव्या निर्णयात ७५ टक्के मोकळे आणि २५ टक्के बंद. मलेशियाच्या बरोबर उलटं. यावर दोन बाजूंनी टीका झाली. आमचेच पैसे आम्हाला सगळे का नाहीत, असं विरोधकांनी विचारलं. कारण नोकरी गेल्यावर सगळे पैसे मिळायला आधी २ महिने थांबावं लागायचं, आता १२ महिने. सरकारचं म्हणणं असं की ७५ टक्के लगेच मिळतीलच, आणि कायमचं अपंगत्व आलं किंवा कायमचा देश सोडला तर सगळेच मिळतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण आजारपणासाठी वेगळं गाठोडं कोण बांधणार, हा प्रश्न या भांडणात मागेच राहिला. ते बांधलं जाईपर्यंत आपल्याला आपली सोय बघावी लागणार.

पीएफच्या आधी चार दारं ठोठवा

दवाखान्यातल्या घाईत आपण सगळ्यात सोपं दार उघडतो. मोबाइलवर क्लिक केलं की पैसे येतात ते. पण त्याआधी ही चार आहेत.

पहिलं दार ईएसआयचं. तुमचा पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनी या कायद्याखाली येत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के दर महिन्याला कापले जातात. त्या बदल्यात तुम्हाला आणि कुटुंबाला, अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. आजारपणात सुट्टी पडली तर ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ताही मिळू शकतो. पैसे कापले जातात आणि कार्ड काढलेलंच नाही, असे कितीतरी जण आहेत.

दुसरं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. ‘ती गरिबांसाठी आहे, आपलं रेशनकार्ड पांढरं’ हा गैरसमज काढून टाका. जुलै २०२४ पासून ही योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे, रंग कुठलाही असो. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. अट एवढीच की दवाखाना योजनेत अंगीकृत हवा आणि आजार यादीत हवा. म्हणून भरती करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. बिल भरून झाल्यावर विचारलं तर उपयोग नाही. टोल फ्री नंबर १५५३८८. घरात ७० च्या पुढचे आजी-आजोबा असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी त्यांचं आयुष्मान कार्ड निघतं. गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, कुटुंबाच्या आकारानुसार अडीच ते चार लाखांची.

तिसरं दार धर्मादाय दवाखान्याचं. शहरांतले कित्येक मोठे, चकचकीत दवाखाने कागदोपत्री धर्मादाय ट्रस्ट आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन थेट विचारायचं. यात लाज कसली? तो नियम आहे, उपकार नाही.

चौथं दार विम्याचं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर त्यात आईवडील आहेत का, किती रकमेचा आहे, हे एचआरला आजच विचारा. आणि नोकरी सुटली की तो सुटतो, हे विसरू नका. स्वतःची वेगळी पॉलिसी पंचविशीत स्वस्त पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही शून्य झालाय. तब्येत ठणठणीत असताना घ्या. कारण आधीपासूनच्या आजारासाठी कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. आईवडिलांचा हप्ता महाग असतो हे खरं. पण भावंडांत वाटून घेतला तर झेपू शकतो.

आता पुन्हा २५ हजार पगारवाल्याकडे बघा. तो २१ हजारांच्या वर, म्हणून ईएसआय नाही. कंपनी लहान, म्हणून ग्रुप मेडिक्लेम नाही. बरोबर मधल्या फटीत अडकलेला. अशांसाठी फुले योजना आणि छोटी का होईना स्वतःची पॉलिसी या दोन गोष्टी पीएफपेक्षा कितीतरी जास्त वजन उचलतात. ७४ हजार कुठे आणि ५ लाख कुठे!

आणि जे डिलिव्हरी करतात, कॅब चालवतात, फ्रीलान्स कामं करतात, त्यांना तर पीएफचं दारच नाही. त्यांच्यासाठी हाच क्रम आणखी महत्त्वाचा.

दवाखान्यात जायच्या आधी करायची कामं

पैसे अडतात ते बहुतेक वेळा कागदांवर. आधारवर ‘सुरेशराव’ आणि पीएफवर ‘सुरेश’. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. ही भांडणं आयसीयूच्या बाहेर उभं राहून मिटत नाहीत. म्हणून एका रविवारी एवढं उरकून टाका.

• यूएएन चालू आहे का बघा. आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं आणि मंजूर आहे ना? नाव, जन्मतारीख सगळीकडे सारखी हवी.

• नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्या, शिल्लक कळते. कंपनी दर महिन्याला पैसे भरते का, तेही पासबुकात तपासा.

• ई-नॉमिनेशन करा. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर पीएफशिवाय ७ लाखांपर्यंत विमाही वारसाला मिळतो. नॉमिनीच नसेल तर घरच्यांची फरफट होते.

• जुन्या नोकऱ्यांचे पीएफ काढू नका, आताच्या खात्यात ट्रान्सफर करा.

• घरातलं रेशनकार्ड कुठे आहे, त्यात तुमचं नाव आहे का, हे आईला विचारा. जवळचा अंगीकृत दवाखाना कुठला, ते शोधून फोनमध्ये सेव्ह करा.

• साध्या बचत खात्यात दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हळूहळू जमवा. रात्री दोन वाजता डिपॉझिट मागतात तेव्हा तीन दिवसांत येणारा पीएफही उशिराचाच असतो.

यातल्या कुठल्याच कामाला पैसे लागत नाहीत, शेवटचं सोडून. लागतो तो एक रविवार. आणि हे सगळं करूनही एखाद्या दिवशी पीएफ काढावा लागला, तर बिनधास्त काढा. आपल्या माणसासाठीच तर कमावतो आपण. फक्त तेव्हा तो पहिला आधार नसावा, शेवटचा असावा. आणि माणूस बरा होऊन घरी आला की पुढच्याच महिन्यात एचआरला मेल टाका, व्हीपीएफ सुरू करायचाय म्हणून.